नळ-गोठवण

नळ-गोठवण : पाण्याने भरलेल्या नळाचा थोडा भाग बाहेरून अतिशय थंड करून आतील पाण्याचा बर्फ बनविणे व बर्फाच्या या बुचाने प्रवाह तात्पुरता अडवून पुढील भागाची दुरुस्ती करणे, या तंत्रास नळ-गोठवण म्हणतात. झडप उपलब्ध नसेल, ती गंजून अडकली असेल किंवा संपूर्ण नळयोजना रिकामी करणे परवडणारे नसेल, तेव्हा हे तंत्र उपयोगी पडते. दुरुस्ती संपल्यावर बर्फ वितळतो आणि नळात कोणताही अडथळा मागे राहत नाही. ही कृती दिसावयास सोपी असली, तरी गोठणाऱ्या पाण्याचे प्रसरण, नळाच्या धातूला येणारा ठिसूळपणा आणि प्रशीतक वायूंमुळे गुदमरण्याचा संभव यांमुळे ती धोक्याची ठरू शकते.

भरलेल्या नळातील पाणी अडवून त्याची दुरुस्ती कशी करावी, हा प्रश्न नळ-गोठवणीपेक्षा पुष्कळच जुना आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाची निरनिराळी रूपे रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत एकत्र पाहावयास मिळतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या प्रदेशात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. येथे घाटमाथ्यावरून उतरणारे वीजनिर्मितीचे प्रचंड दाबनळ आहेत, डोंगरावर पाणी चढविणाऱ्या नळयोजना आहेत आणि घराच्या गच्चीवरील टाकीपासून तोटीपर्यंत जाणारे साधे नळही आहेत. या सर्वांना लागू पडणारे एक तत्त्व येथील अनुभवावरून स्पष्ट होते. पाणी अडवावयाचे तर त्याच्या दाबाला कोठेतरी मोकळी वाट ठेवावी लागते. ती न ठेवता घातलेला अडथळा जितका बळकट, तितका तो अधिक धोक्याचा.

पूर्वीची साधने : तलावाच्या मोरीला किंवा मातीच्या नळाला चिंध्या गुंडाळलेली लाकडी गुडदी ठोकणे, हा प्रवाह अडविण्याचा सर्वांत जुना उपाय होय. खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधविलेला मोठा तलाव व त्याकाठचे वीरेश्वराचे मंदिर आजही पाहावयास मिळते. अशा तलावांत पाण्याची उंची थोडी असल्याने दाबही थोडा असतो व गुडदी हाताने बसविता येते. उघड्या पाटात तर अडविलेले पाणी काठावरून वाहून जाते, म्हणजे त्याची वाट आपोआपच मोकळी राहते. बिडाचे व पोलादाचे बंद नळ प्रचारात आल्यावर ही परिस्थिती बदलली. बंद नळात पाण्याला बाहेर पडण्यास जागा नसते आणि वरच्या पातळीवरील सर्व पाण्याचा भार खालच्या प्रत्येक सांध्यावर येतो. पाण्याच्या दर १० मी. उंचीमागे हा दाब सुमारे १ किग्रॅ. प्रती चौ. सेंमी. एवढा वाढत जातो.

खोपोली व भिवपुरी येथील दाबनळ : मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी जलविद्युत् पुरविण्याची जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) दोराबजी टाटा यांनी प्रत्यक्षात आणली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळे येथे कामाची कोनशिला बसविण्यात आली आणि १९१५ मध्ये खालापूर तालुक्यातील खोपोली येथील वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरवटा या घाटमाथ्यावरील जलाशयांचे पाणी खंडाळ्याकडे आणून तेथून ते पोलादी दाबनळांतून ५०० मी.हून अधिक खाली खोपोलीस सोडले जाते. कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीचे अशाच प्रकारचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. त्याचे पाणी आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणातून डोंगरात खोदलेल्या बोगद्याने व पुढे दाबनळांनी खाली येते.

या जलाशयांची किंमत घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांनाही मोजावी लागली. टाटांच्याच मुळशी येथील पुढील योजनेविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह (१९२१–२४) प्रसिद्ध आहे. मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले.

पाचशे मीटर उंचीच्या पाण्याचा दाब पायथ्याशी सुमारे ५० किग्रॅ. प्रती चौ. सेंमी. भरतो. १ मी. व्यासाच्या नळाचे तोंड या ठिकाणी बंद करावयाचे म्हटले, तर त्या झाकणावर सुमारे ३९० टन भार येईल. अशा नळातून सुटणारी पाण्याची धार घर्षण वगळता सेकंदाला सुमारे १०० मी. वेगाने बाहेर पडते. हीच धार पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळवून वीज निर्माण केली जाते. लेस्टर पेल्टन यांनी अमेरिकेत या चक्राचे एकस्व १८८० मध्ये मिळविले होते.

एवढ्या दाबाखालील पाणी एकाएकी अडविता येत नाही. वाहते पाणी अकस्मात थांबविल्यास त्याच्या गतीचे दाबात रूपांतर होते व दाबाची लाट नळातून मागेपुढे धावू लागते. यास जलाघात म्हणतात. घरातील तोटी झटकन बंद करताच नळात होणारा ठोका हे याचेच लहान रूप होय. रशियन शास्त्रज्ञ झुकॉव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठा यंत्रणेवर प्रयोग करून जलाघाताचा नियम १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार पोलादी नळातील प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मी.ने एकदम कमी केल्यास सुमारे १०० मी. उंचीच्या पाण्याइतका जादा दाब निर्माण होतो. म्हणून पेल्टन चक्राच्या यंत्रणेत वीजमागणी अचानक घटली, तर प्रथम विक्षेपक पट्टी धारेच्या आड येऊन तिला चक्रापासून बाजूस वळविते आणि त्यानंतर सुईझडप सावकाश बंद होते. तेवढ्या वेळात पाणी वाहतच राहते, परंतु ते चक्रावर न पडता खाली निघून जाते.

दुरुस्तीसाठी दाबनळ रिकामा करतानाही हेच तत्त्व पाळावे लागते. वरची झडप बंद करून खालून पाणी काढून घेतले, तर नळात निर्वात पोकळी निर्माण होते आणि बाहेरील हवेच्या दाबाने पोलादी नळ चेपून सपाट होऊ शकतो. याकरिता वरच्या बाजूस हवा आत घेणाऱ्या झडपा ठेवतात. नळ पुन्हा भरताना त्यांतूनच आतील हवा बाहेर पडू द्यावी लागते. म्हणजे नळ भरताना, रिकामा करताना व अडविताना, प्रत्येक वेळी पाण्याच्या किंवा हवेच्या वाटेचा विचार आधी करावा लागतो.

वीजनिर्मितीनंतर खोपोलीचे पाणी पाताळगंगेला व भिवपुरीचे पाणी पेज नदीमार्गे उल्हास नदीला मिळते. त्यामुळे पावसाळा संपल्यावरही या नद्या वाहत्या राहतात. त्यांच्या काठच्या नळयोजना व कारखाने या पाण्यावर अवलंबून असल्याने, दाबनळांतून उतरलेले पाणीच पुढे लहान नळांतून घरोघरी पोहोचते.

माथेरानची नळयोजना : कर्जत तालुक्यातील माथेरान हे सुमारे ८०० मी. उंचीवरील थंड हवेचे ठिकाण ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये प्रसिद्धीस आणले. तेथील शार्लट तलाव हा पाणीपुरवठ्याचा जुना आधार होय. पुढे पायथ्याच्या नेरळ परिसरातून उल्हास नदीचे पाणी पंपांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्यांनी वर चढविण्याची सोय झाली. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान या अरुंदमापी लोहमार्गावरील एका स्थानकाचे नाव ‘वॉटर पाइप’ असे आहे. चढणीवर वाफेच्या एंजिनांना तेथे पाणी मिळत असे.

डोंगरावर पाणी चढविणाऱ्या नळात प्रवाहाची दिशा खोपोलीच्या उलट असली, तरी दाबाचा प्रश्न तोच राहतो. पंप बंद पडताच वरचा सर्व जलस्तंभ मागे येऊ पाहतो. त्यास एकदिशा झडपेने अडवावे लागते व झडप आपटून जलाघात होऊ नये, म्हणून दाब सोडणाऱ्या झडपा बसवाव्या लागतात. पाणी एकाच नळाने न चढविता मधल्या टाक्यांच्या टप्प्यांनी चढविल्याने कोणत्याही एका भागावर संपूर्ण उंचीचा भार येत नाही आणि दुरुस्तीसाठी एकच टप्पा रिकामा करावा लागतो.

गोठवण तंत्राचा विकास : थंड देशांत हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटणे ही नित्याची आपत्ती होय. गोठलेले पाणी नळ घट्ट बंद करते, हे त्यावरून कारागिरांना ठाऊक होते. बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाने शून्याखाली सुमारे २१° से.पर्यंत तापमान उतरविता येते, हेही फार पूर्वीपासून माहीत होते. कुल्फीच्या व आइसक्रीमच्या पात्रात हाच गुण वापरला जातो. १८३५ मध्ये फ्रेंच संशोधक तिलोरिए यांनी घन कार्बन डाय-ऑक्साइड म्हणजेच शुष्क बर्फ तयार झाल्याचे प्रथम नमूद केले. त्याचे तापमान −७८·५° से. असते. १८८३ मध्ये पोलंडमधील क्रेको येथे व्रुब्लेफ्स्की व ऑल्शेफ्स्की यांनी ऑक्सिजन व नायट्रोजन यांचे द्रवीकरण केले. १८९५ मध्ये कार्ल फोन लिंडे यांनी हवा द्रवरूप करण्याची औद्योगिक पद्धत सिद्ध केल्यावर −१९६° से. तापमानाचा द्रव नायट्रोजन पुढे मोठ्या प्रमाणात मिळू लागला. जर्मन खाणतज्ञ प्योट्श यांनी पाण्याने भरलेली जमीन गोठवून तीत खाणीची विहीर खणण्याच्या पद्धतीचे एकस्व १८८३ मध्ये घेतले होते. पाण्यालाच पाण्याविरुद्ध भिंत म्हणून उभे करण्याची ही कल्पना नळाच्या बाबतीत विसाव्या शतकात रुळली.

सध्या तीन प्रकारची साधने वापरली जातात : (१) नळाभोवती आवरण बांधून त्यात सिलिंडरमधील द्रव कार्बन डाय-ऑक्साइड सोडून शुष्क बर्फ जमविणे, (२) नळाभोवतीच्या पात्रात द्रव नायट्रोजन ओतणे, (३) प्रशीतकपेटीप्रमाणे विजेवर चालणाऱ्या लहान संपीडकाची थंड टोके नळाला चिमट्याने जखडणे. पहिला व तिसरा प्रकार घरगुती व लहान व्यासाच्या नळांसाठी, तर दुसरा कारखान्यांतील मोठ्या नळांसाठी सोयीचा असतो.

कार्यतत्त्व : १ ग्रॅ. पाणी १° से.ने थंड करण्यास १ कॅलरी उष्णता काढावी लागते, ०° से.च्या पाण्याचा बर्फ करण्यास मात्र दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी काढाव्या लागतात. कर्जत परिसरात उन्हाळ्यात नळातील पाणी ३०° से. आहे असे धरल्यास २५ मिमी. व्यासाच्या नळात १० सेंमी. लांबीचे बूच बनविण्यास सुमारे ५,४०० कॅलरी उष्णता काढावी लागेल. नळाचा व्यास १०० मिमी. असल्यास तेवढ्याच लांबीस ही उष्णता सोळापट होते. शिवाय बर्फ नळाच्या भिंतीपासून केंद्राकडे वाढत जातो व आधी जमलेल्या थरातून उष्णता मंदपणे बाहेर येते. त्यामुळे लागणारा वेळ साधारणपणे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उन्हात तापलेला उघडा नळ गोठविण्यापूर्वी त्यावर सावली करणे व गोठवणीच्या जागेभोवती उष्णतानिरोधक आवरण बांधणे यासाठीच आवश्यक असते.

पाणी पूर्ण स्थिर असणे ही या तंत्राची पहिली अट होय. पंप चालू असेल किंवा पुढे एखादी तोटी ठिबकत असेल, तर नवे कोमट पाणी सतत येत राहते आणि बूच पुरे होत नाही. कोकणातील दमट हवेत नळाच्या बाहेरील अंगावर हिमकण लवकर जमतात. परंतु तो पांढरा थर म्हणजे आतील बूच पूर्ण झाल्याचा पुरावा नव्हे. साधनाबरोबर सांगितलेला वेळ पुरा झाल्यावर दुरुस्तीच्या बाजूची तोटी किंवा सांधा किंचित उघडून पाहावा. साचलेले पाणी निघून गेल्यावर धार पूर्णपणे थांबली, तरच नळ कापावा.

धोके व दक्षता : पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फाचे बूच व बंद झडप यांच्यामध्ये किंवा एकाच वेळी गोठविलेल्या दोन बुचांमध्ये पाणी कोंडले गेल्यास ते दबत नसल्याने दाब अतिशय वाढतो व नळ किंवा सांधा फुटतो. म्हणून गोठवण चालू असताना निदान एका बाजूस पाण्याला सरकण्यास वाव ठेवणे हा या तंत्राचा मूलभूत नियम मानला जातो. खोपोलीच्या दाबनळावरील हवाझडप आणि घरातील नळ गोठविताना दुसऱ्या बाजूस मोकळा ठेवलेला मार्ग यांचा हेतू एकच आहे.

नळाची धातू व स्थिती आधी पाहावी लागते. तांबे व निकेलयुक्त अगंज पोलाद अतिथंडीतही चिवट राहतात. साधे कार्बनी पोलाद द्रव नायट्रोजनाच्या तापमानाला ठिसूळ बनते, तर बीड मुळातच ठिसूळ असते. अशा नळांवर गोठवण चालू असताना हातोडीचा घाव, पिळणारा पाना किंवा बाजूचा ताण अजिबात पडू देऊ नये. गंजलेला, चीर गेलेला किंवा सांध्यालगतचा भाग गोठवणीसाठी निवडू नये. प्लॅस्टिकचे नळ उष्णता मंदपणे वाहतात व थंडीने कडक होतात. साधनाच्या निर्मात्याने त्या जातीच्या नळासाठी स्पष्ट मुभा दिली असेल, तरच ते गोठवावेत.

माणसाला असलेला धोका याहून गंभीर आहे. १ लि. द्रव नायट्रोजनापासून सुमारे ७०० लि. वायू तयार होतो. त्याला रंग किंवा वास नसल्याने तळघरात, खड्ड्यात किंवा नळांच्या बंद कोठीत तो हवेतील ऑक्सिजनाची जागा नकळत घेतो. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १९·५ टक्क्यांखाली गेलेली जागा असुरक्षित समजतात आणि १० टक्क्यांखाली माणूस काही कळण्याच्या आत बेशुद्ध पडू शकतो. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने सखल जागी साचतो व अधिक प्रमाणात तो स्वतःही विषारी ठरतो. म्हणून असे काम एकट्याने करू नये. हवा खेळती ठेवावी, ऑक्सिजनमापक जवळ बाळगावा व खड्ड्यात उतरलेल्या कारागिरावर बाहेरून एकाने लक्ष ठेवावे. आत कोणी कोसळल्यास श्वसनसाधनाशिवाय त्याच्या मागे उतरू नये. अशा अपघातांत वाचविण्यास गेलेला माणूसही दगावण्याचा संभव असतो. उघड्या त्वचेला अतिशीत द्रव किंवा धातू लागल्यास भाजल्यासारखी इजा होते, म्हणून जाड कोरडे हातमोजे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा वापरणे आवश्यक असते. भरलेल्या सिलिंडरांची साठवण व वाहतूक भारतात गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांनुसार करावी लागते.

दुरुस्ती चालू असेपर्यंत गोठवण अखंड चालू ठेवावी लागते. बुचाच्या व नळाच्या मध्ये पाण्याचा पातळ थर सुटला, तरी बर्फाची पकड जाते व मागील दाबाने बूच बंदुकीच्या गोळीप्रमाणे बाहेर फेकले जाऊ शकते. गच्चीवरील टाकीच्या १० मी. उंचीचा दाब २५ मिमी. व्यासाच्या बुचावर सुमारे ५ किग्रॅ. भार देतो, परंतु १०० मिमी. व्यासाच्या बुचावर हाच भार सुमारे ८० किग्रॅ. होतो. झाळकाम व जोडकाम बुचापासून पुरेसे दूर करावे, कापलेल्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये आणि बंद करण्याची तयार झडप किंवा टोपण हाताशी ठेवावे. काम पुरे झाल्यावर दुरुस्त भाग पाण्याने भरून, त्यातील हवा काढून, बुचाच्या दोन्ही बाजूंचा दाब शक्य तितका समान करावा व मगच बर्फ आपोआप वितळू द्यावा. ज्योतीने तो वितळविण्याचा प्रयत्न करू नये.

उपयोग व मर्यादा : घरगुती नळाची झडप धड असेल, तर ती बंद करून नळ रिकामा करणे हाच सर्वांत सुरक्षित व स्वस्त मार्ग होय. उंच इमारतीतील उभा नळ, रुग्णालयाचा पुरवठा, वातानुकूलनाची थंड पाण्याची बंद योजना किंवा कारखान्यातील थांबविता न येणारी प्रक्रिया अशा ठिकाणी गोठवणीचा खर्च व जोखीम सार्थ ठरते. पाणी सतत वाहत असलेल्या मोठ्या वाहिन्या व खोपोली-भिवपुरीसारखे प्रचंड दाबाचे नळ यांसाठी कायम बसविलेल्या झडपा व योजनापूर्वक बंदकाळ यांना पर्याय नाही. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून नवी मुंबईस पाणी नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या दुरुस्तीसाठी पूर्वसूचना देऊन पुरवठा काही तास बंद ठेवला जातो, तो याच कारणाने.

नळ रिकामा करण्याचीही एक किंमत असते. ३०० मिमी. व्यासाच्या १ किमी. लांब वाहिनीत सुमारे ७०,००० लि. पाणी मावते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लि. या प्रमाणाने ते १,२०० हून अधिक माणसांना एक दिवस पुरेल. विपुल पावसाच्या याच तालुक्यांत डोंगरावरील ठाकर व कातकरी वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हे लक्षात घेता वाहिनीवर योग्य अंतरावर झडपा बसविणे व त्या दरवर्षी फिरवून चालत्या ठेवणे यांचे महत्त्व समजते. झडपांची अशी निगा राखली गेली, तर नळ गोठविण्याची वेळ क्वचितच येते; आणि ती आलीच, तर कोठला भाग अडवावयाचा व पाण्याला वाट कोठे ठेवावयाची, हे कारागिराला नळयोजनेच्या अद्ययावत नकाशावरून आधीच ठरविता येते.